सिग्नलवरची सावली

परवा मानकापूरच्या चौकात सिग्नलवर हिरवी जाळी बांधलेली दिसली अन् मी मनातल्या मनात म्हटलं, चला, उन्हाळा लागला. बाकी गावांत लोकांले उन्हाळा आंब्यावरून समजत असन. नागपुरात तो सिग्नलवरून समजते. चार बांबू, त्याच्यावर नर्सरीत असते तशी हिरवी जाळी, अन् खाली गाड्यांवर बसलेले आपण, रोपटे. लाल दिवा लागला का वरून कोणी थोडं पाणी शिंपडाचं, एवढंच बाकी राहते.

जिथं जाळी नाही, तिथं झाड. आमच्याकडं सिग्नलचा नियम थोडा वेगळा आहे. पांढरा पट्टा पुढं असते, तो सरकारनं मारलेला. पण उन्हाळ्यात थांबाची खरी जागा कडुलिंब ठरवते. त्याची सावली जिथं पडली तिथं पहिली गाडी थांबते, तिच्यामागं दुसरी, अन् सावलीपासून पट्ट्यापर्यंतचा सारा रस्ता रिकामा, तव्यासारखा तापून राहिलेला. बाहेरगावचा माणूस पाहीन तं त्याले वाटीन पुढं काही ॲक्सिडेंट झाला. काही नाही झालं भाऊ. ऊन आहे.

अन् त्या सावलीत काय माणुसकी असते राजेहो! एरवी जो माणूस इतभर जागेसाठी तुमच्या पायावरून चाक नेईन, तोच तिथं म्हणते, "या ना काकाजी, इकडं या, बसते तुमची गाडी." एक जण हँडल वाकडं करते, दुसरा पाय उचलते, अन् काकाजीची मोपेड मधात घुसते. लेकरू घेऊन बसलेली बाई आली तं सारेच सरकतात. "नवतपा लागाचा आहे अजून, आत्ताच हे हाल!" असं कोणीतरी म्हणतेच. मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ दिवस. येणार हे माहीत असते, कधी येणार तेही माहीत असते, तरी आल्यावर सारे असे दचकतात जसे काही पाहुणे न सांगता आले. मंग दिवा हिरवा होते, अन् जे आत्तापर्यंत एकमेकांचे सोयरे होते ते सारे दुश्मन. पों! पोंपों! "अबे चल ना बे! झोपला का?"

परवा त्या जाळीखाली बसल्या बसल्या मले तो एक उन्हाळा आठवला. आईनं स्कूटी शिकली तो.

माह्याबद्दल एवढंच सांगतो, की मी शिकलो रामटेकच्या शाळेत, अन् तिथं अभ्यासातून माहं नाव कोणाले माहीत नव्हतं. पण गॅदरिंगमध्ये "तो गाड्यांचे आवाज काढते तो पोट्टा" म्हटलं का सारी शाळा टाळ्या वाजवायची. गडाच्या चढणीवर जुनी बस कशी कण्हते, गिअर पडता पडता कशी शिंकते, कंडक्टर दार आपटून कसा ओरडते, सारं मले येत होतं. मंग आम्ही नागपुरात राहायले आलो तं माहं भांडवलच वाढलं. पाण्याचा टँकर येते तो आधी ऐकू येते, मंग दिसते. ई-रिक्षाले आवाजच नसते, म्हणून तिचा ड्रायव्हर तोंडानं गाडी चालवते, "सदर सदर सदर, एक सीट, एक सीट!" कॉलेजच्या पोट्ट्यांची फटफटी म्हणजे फुटाण्याची कढई. डोळे मिटून बसलो तं चौकात कोण कोण उभं आहे हे मी आजही सांगीन.

पण माहा सगळ्यात गाजलेला आयटम म्हणजे बाबा. बाबांची ड्यूटी खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात, शिफ्टची. स्कूटरवर जाणं, स्कूटरवर येणं. साऱ्या रस्त्यानं बाबा बोलत येतात. "जा बाप्पा, तू जा आधी, तुह्याच बापाचा रस्ता आहे. वा! न पाहता वळला! डोळे घरी ठेवून आला का?" आता गंमत अशी, का हे सारं ते हेल्मेटच्या आत बोलतात, काच खाली करून. ज्याले बोलले त्याले आजपर्यंत एक शब्द ऐकू गेला नाही. मी घरी डोक्यावर कढई पालथी घालून बाबा करून दाखवायचो, अन् आई पदर तोंडाले लावून हसायची.

आई शिक्षिका. तिची शाळा घरापासून पायी जाण्यासारखी होती. ती छत्री घेऊन निघाली का अर्ध्या रस्त्यात नमस्कार सुरू. तिनं शिकवलेले पोरं, पोरांचे माय-बाप, किराणावाला, सारे. मंग हळूहळू शाळेत लेकरं कमी झाले, वर्ग बंद झाले, अन् एप्रिलात आई "अतिरिक्त" झाली. शिक्षक लोकांत हा शब्द चालते. म्हणजे शाळेत लेकरांच्या मानानं मास्तर जास्त झाले, अन् जास्तीच्यात तुमचा नंबर लागला. इतकी वर्षं जी बाई नसली तं शाळेची घंटा कोण वाजवीन हे कोणाले सुचायचं नाही, ती एका दिवसात जास्तीची. तिले दुसरी शाळा दिली ती दिघोरीले.

ज्यांले नागपूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मानकापूर शहराच्या या टोकाले, दिघोरी त्या टोकाले, अन् मधात सारं नागपूर. खापरखेडा तं एकदम उलट्या दिशेले, म्हणजे बाबा सोडून देतीन हाही विषय नाही. आई रुजू व्हायले गेली तेव्हा दोन बस अन् एक शेअर ऑटो करून पोचली, तं प्रार्थना होऊन पहिला तास संपत आला होता.

"सोडून दे वं," बाबा म्हणाले. "थोडेच वर्षं राहिले. पेन्शन भेटते. आराम कर घरी."

बाबा प्रेमानंच म्हणाले. म्हणूनच आईले काही बोलता आलं नाही. कोणी रागावलं असतं तं तिनं त्याले बरोबर सरळ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कूलरमध्ये पाणी टाकून राहिली होती. खसचा ओला वास साऱ्या घरात. बादली तशीच हातात धरून मले म्हणाली, "बाबू, तुही ती कॉलेजातली स्कूटी चालते का अजून?"

"चालते ना. काहून?"

"मले येईन का?"

मले वाटलं मजाक करून राहिली. पण तिचं तोंड फळ्याकडं वळताना असते तसं होतं.

"शाळा जूनच्या शेवटी उघडते," ती म्हणाली. "उन्हामुळं आपल्या विदर्भाची उशिरा उघडते ते बरंच आहे. तोवर मले दिघोरीपर्यंत गाडी नेता आली, तं मी नोकरी करीन. नाही आली तं तुह्या बाबांचं ऐकीन. मंग पुन्हा विषय नाही काढाचा कोणी."

झालं. मी तेव्हा नोकरी शोधून राहिलो होतो, म्हणजे माह्या सकाळी मोकळ्या होत्या. आईची नोकरी वाचवाची तं मले, असा एकंदर हिशोब लागला.

लर्निंग लायसन काढलं. त्याच्या फोटोत आई अशी पाहून राहिली आहे, जसा कॅमेऱ्यानं गृहपाठ आणला नाही. हेल्मेट आणलं तं ते अंबाड्यावर बसेना. आईनं आरशासमोर उभं राहून अंबाडा सोडला, खाली मानेशी बांधला, अन् हेल्मेट घालून म्हणाली, "अरे, मले माह्याच श्वासाचा आवाज येऊन राहिला." मी म्हटलं, "बाबांले विचार, ते आतमध्ये रेडिओ चालवतात."

आठवडी बाजार भरते ते मैदान आमच्या घरामागं. बाजाराचा दिवस सोडला तं मोकळं. ऊन निघाच्या आधी आम्ही तिथं. पहिले काही दिवस आई दोन्ही पाय जमिनीवरून फरफटत नेत होती, जसं बदक पाण्यात उतरावं की नाही ठरवून राहिलं. पण गाडी तिले लवकर आली, हे कबूल केलंच पाहिजे. वळणं आले, ब्रेक आला, आठाचा आकडा तं तिनं असा काढला का अंकलिपीत छापावा. आईले गाडीची भीती नव्हतीच. तिले लोकांची भीड होती. हे मले समजलं ते मैदानातून कॉलनीच्या रस्त्यावर आलो तेव्हा.

मी मागं बसलेलो. मागून दुधवाल्यानं हॉर्न वाजवला. आईनं ब्रेक मारला, गाडी बाजूले घेतली, पाय टेकवले, मान वळवून विचारलं, "काय झालं दादा?"

दुधवाला गडबडला. "काही नाही बाई. जाऊन राहिलो."

"मंग आवाज काहून दिला?"

"असाच."

तो गेला. मी म्हटलं, "आई वं, हॉर्न म्हणजे हाक नसते."

"मंग काय असते?"

खरंच, काय असते? आपण आयुष्यभर वाजवतो, पण म्हणतो काय नेमकं? सरक म्हणतो, हे झालं एक. मी आहे, असंही म्हणतो. घरून भांडून निघालो, हेही हॉर्नमधून कळते, तो थोडा लांब असते. सिग्नल लाल असताना जो मागून वाजवते तो तं दिव्यालेच बोलत असते. अन् काही जण कोपऱ्यावर हळूच एकदा वाजवतात, दारावर टकटक केल्यासारखं, तो हॉर्न मले आवडते. आईच्या साऱ्या जन्मात मागून आवाज आला तं तो कोणीतरी बोलावत असायचा. "मॅडम, वही राहिली." "बाई, याले समजावा." मागून आवाज आला अन् आपण थांबलो नाही, हे तिच्या अंगातच नव्हतं.

दुसरी भानगड नमस्काराची. समोरून कोणी "नमस्कार मॅडम!" म्हटलं का आईचे दोन्ही हात हँडलवरून उठायचे अन् जुळायचे.

"आई! हँडल!"

"अरे, पाचवीतल्या पोराचे वडील होय ते. नमस्कार नाही कराचा?"

"मानेनं कर."

"मानेनं बरं दिसते का? पोरं काय शिकतीन?"

मान हलवून नमस्कार करणं शिकायले तिले आठाच्या आकड्यापेक्षा जास्त दिवस लागले.

मंग मी ठरवलं, आईले रस्त्यावर नेण्याआधी रस्ताच मैदानात आणाचा. आपल्याजवळ कला आहे, ती कधी कामी येणार? दुसऱ्या दिवसापासून मी ट्रॅफिक झालो. आई स्कूटीवर फेऱ्या मारून राहिली, अन् मी टँकर होऊन तिच्यामागं धावून राहिलो. भ्रूंऽऽऽ, पॉंऽऽऽ! मंग आडवी ई-रिक्षा, "एक सीट, एक सीट!" मंग मोबाईल कानाले लावून रस्ता ओलांडणारा माणूस. मंग बैल. बैल मी फार मनापासून केला, रस्त्याच्या मधात बसून रवंथ केलं. सकाळी फिरायले येणारे एक काका पहिल्या दिवशी थांबले, दुसऱ्या दिवशीही थांबले, अन् तिसऱ्या दिवशी आईजवळ जाऊन हळूच म्हणाले, "ताई, पोराले दाखवलं का कोणाले?"

"माहा मुलगा होय तो," आई म्हणाली. "सध्या ट्रक आहे."

मे लागला, अन् आम्ही चौकात गेलो.

सकाळची गर्दी. आई पुढं एकटी, मी माह्या बाईकवर चार गाड्या सोडून मागं. दिवा हिरवा झाला. उजवीकडून एक ऑटो घुसला. आईनं त्याले हातानं "जा" केलं. त्याच्यामागं सायकलवाला, त्यालेही "जा." मंग शाळेची व्हॅन, मंग भाजीची गाडी. दिवा लाल झाला. पुन्हा हिरवा, पुन्हा आईचं "जा, जा बाबा तू." सारं नागपूर तिच्यासमोरून गेलं, अन् तिच्यामागं सारं मानकापूर थांबलं. हॉर्नचा कल्लोळ. एक पोट्टा बाजूनं आला, चेहऱ्याले रुमाल बांधलेला, अन् जाता जाता ओरडला, "काकू, येत नाही तं घरी राहाचं ना! पोळ्या लाटा!"

आई उतरली. गाडी ढकलत बाजूले नेली. मी पोचलो तं ती हेल्मेट काढून उभी, कपाळावरचं कुंकू घामानं खाली उतरलेलं.

"चल, बस मागं," मी म्हटलं.

"नाही. ढकलतच नेतो आपण."

अन् तिनं स्कूटी घरापर्यंत ढकलत नेली. मी मागून बाईक ढकलत. उन्हानं डांबर मऊ पडलेलं, चपला चिकटून राहिलेल्या. साऱ्या रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, "माह्यामागं लोक खोळंबले का मले काही सुचत नाही रे."

संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले. त्यांले कळलं. जेवताना हलकेच म्हणाले, "मंग, झालं ना आता?" आई ताटात पाहून राहिली. मंग मी जे नेहमी करतो तेच केलं. कढई उचलली, डोक्यावर घातली, अन् बाबा झालो. खापरखेड्याहून निघालेले बाबा, कोराडी रोडनं येणारे बाबा, अन् मंग उड्डाणपूल आल्याबरोबर डावीकडं दबत दबत खालच्या रस्त्याले लागणारे बाबा. "पुलावरून काय आहे? खालून बरं असते. खालून चहा भेटते."

आई हसली नाही. हसले ते बाबा. अन् हसता हसता थांबले.

"चहा नाही गा," ते म्हणाले. "मी पुलावरून काहून जात नाही, सांगू का? माही स्कूटर जुनी. पुलाच्या मधात बंद पडली तं मागचे लोक काय म्हणतीन? तिथं बाजूले घ्यायलेही जागा नसते."

आईनं मान वर केली. "तुम्हालेही?"

"सगळ्यांलेच वं. हेल्मेट असते म्हणून दिसत नाही."

मले आजही वाटते का आमच्या घरात त्या संध्याकाळी जे बोलणं झालं, ते सगळ्या शहरानं एकदा बसून केलं पाहिजे. इतके लोक रोज इतक्या जवळून जातात, गुडघ्याले गुडघा लागते, अन् प्रत्येकाले वाटते का घाबरलेले आपण एकटेच, बाकीचे सारे पोटातून शिकून आले. जो जास्त पोंपों करते तो तं मले वाटते जास्तच घाबरलेला असते. मी स्वतः ट्रकच्या बाजूनं जाताना शीळ घालतो. लोकांले वाटते काय बिनधास्त पोट्टा आहे.

दुसऱ्या दिवशी मी झोपलेलोच होतो, तं आई हेल्मेट घालून पलंगाजवळ उभी. हेल्मेटमधून आवाज आला, "ऊठ. मैदानात चल. आज ट्रक नको बनू."

"मंग काय बनू?"

"तो पोट्टा बन. कालचा."

मैदानात मी तोंडाले रुमाल बांधला. आई स्कूटीवर आली, मी बाजूनं धावलो अन् हळूच म्हटलं, "काकू, घरी राहाचं ना." ती थांबली. माह्याकडं पाहून म्हणाली, "हा तो नाही. हा तू आहेस. तसा बोल जसा तो बोलला."

आता तुम्हीच सांगा, आपल्या आईले असं बोलणं. पण शिकवणारी तिकडून बोलून राहिली होती. मी दम घेतला अन् ओरडलो. गाडी डगमगली, पाय टेकले. पुन्हा. मी ओरडलो. या वेळेस पाय टेकले नाही. पुन्हा. माहा घसा बसला. फिरणारे काका लांबूनच वळून घरी गेले. शेवटी मी जिवाच्या आकांतानं "पोळ्या लाटा!" म्हणून ओरडलो, अन् आई माह्या बाजूनं, समोर पाहत, एका चालीत निघून गेली. पार मैदानाच्या टोकापर्यंत. तिथून वळून परत आली, माह्यासमोर गाडी थांबवली, अन् म्हणाली, "पोळ्या मी लाटूनच आली. डब्बा भरला आहे. तू खाऊन घे."

आम्ही पुन्हा चौकात जायले लागलो. अन् तिथं आईनं एक गोष्ट शोधली जी मी तिले शिकवली नव्हती, कोणीच शिकवली नसती.

नवतपा सुरू झाला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही अशी तऱ्हा. सदर भागातल्या सिग्नलवर कडुलिंबाखाली सारे दाटीनं उभे, आम्हीही पोचलो. एकानं हँडल वाकडं केलं. "या काकू, सावलीत या." आईनं मान हलवून नमस्कार केला, अन् त्याच्या बाजूनं स्कूटी पुढं काढली. सावलीच्या बाहेर, त्या साऱ्या रिकाम्या तापलेल्या रस्त्यावरून, पार पांढऱ्या पट्ट्यापर्यंत. तिथं एकटी थांबली. भर उन्हात, साडीचा पदर कमरेले खोचलेला, पाय जमिनीवर. मागून कोणीतरी म्हटलं, "काकूले चक्कर येईन." दिवा हिरवा झाला, तं आईसमोर सारा चौक मोकळा. ना ऑटो, ना सायकल, ना कोणाले "जा" म्हणाची गरज. मागचे अजून किक मारून राहिले होते तोवर ती पलीकडं पोचलेली.

पुढं गाडी थांबवून मी विचारलं, "आई, उन्हात काहून थांबली?"

"माह्यासमोर कोणी नसलं का मले जमते," ती म्हणाली. "अन् माह्यामुळं कोणी खोळंबतही नाही. थोडं ऊन लागते, लागू दे."

मी त्या दिवसापासून रस्त्यावरच्या चांगुलपणाचा वेगळा विचार करून राहिलो. आपल्याले वाटते चांगुलपणा म्हणजे जागा देणं. सरका, या, बसा, तुम्ही जा आधी. सावलीत तो चालते. पण हिरव्या दिव्यावर जो प्रत्येकाले "तुम्ही जा" म्हणते, तो खरं तं साऱ्यांलेच अडकवते, कारण तो काय करणार हे कोणालेच कळत नाही. चौकात दुसऱ्याले एकच पाहिजे असते: समोरचा जाणार का थांबणार. ते एकदा पक्कं दिसलं का नागपूरचा टँकरही ब्रेक मारते. मी पाहिलं आहे. आईसाठी मारला त्यानं. एरवी मी त्याचा आवाज काढतो, त्या दिवशी मी त्याले हात केला.

जून सरत आला. पक्कं लायसन आलं. ढग दिसायचे, अन् गप्पा मारून निघून जायचे. शाळा उघडाच्या दिवशी सकाळीही तसंच, वारं बंद, पाखरं गप. बाबांची नेमकी पहिली शिफ्ट. ते निघताना दारात रेंगाळले, स्कूटीच्या चाकातली हवा बोटानं दाबून पाहिली, काही बोलले पण हेल्मेट घातलेलं होतं, कळलं नाही.

आई म्हणाली, "तू येऊ नको मागं."

"मी कशाले येऊ? मले काम आहे."

ती कोपऱ्यावरून वळली अन् मी बाईक काढली.

लांबून चाललो, तिले दिसणार नाही असा. सदर आलं, गेलं. झिरो माईलजवळ एक बस तिच्या अंगाशी आली, माहा हात आपोआप हॉर्नवर गेला, पण आईनं वेग सोडला नाही, बाजू सोडली नाही, बसच मागं राहिली. मी शीळ घालून राहिलो होतो. कॉटन मार्केटच्या तोंडाशी भाजीच्या हातगाड्या, कोथिंबिरीचे गठ्ठे, हमाल, टेम्पो, साऱ्यांची झुंबड. आई त्या गर्दीत शिरली, एका टेम्पोमागं दिसेनाशी झाली, तेवढ्यात माह्यासमोर दिवा लाल. मी मान उंच करून पाहिलं, उभा राहून पाहिलं. मागच्यानं पों केलं. पुढं सारे हेल्मेट, एकही आईचं नाही. दिवा हिरवा झाला तरी मी तिथंच, अन् मागचा म्हणाला, "भाऊ, जाचं आहे का राहाचं आहे?"

मले माहीत नव्हतं. मी गाडी बाजूले घेतली. पुढं सक्करदरा बाकी, मंग दिघोरीचा तो मोठा चौक बाकी, जिथं ट्रक उमरेड रोडले वळतात. तिथं मी तिच्यासोबत दोनदाच गेलो होतो. फोन लावावा तं ती गाडीवर. मी एका चहाच्या टपरीवर बसलो. चहा पिला. दुसरा मागवला, तो तसाच थंड झाला. टपरीवाल्यानं विचारलं, "पेपर आहे का कोणाचा?" मी म्हटलं, "हाव. आईचा."

दुपारी मधल्या सुट्टीत फोन आला तेव्हाही मी टपरीवरच. मागं लेकरांचा गोंगाट, कोणीतरी रडून राहिलं, कोणीतरी "बाई, यानं मारलं" म्हणून राहिलं.

"पोचली मी," आई म्हणाली. "प्रार्थनेच्या आधी पोचली. हेडमास्तर म्हणाले, आज तुम्हीच घ्या प्रार्थना. घेतली."

मी टपरीवाल्याले हातानंच खूण केली, पास.

"ऐकून राहिला ना?"

"हाव."

"अन् मी म्हटलं होतं येऊ नको."

"मी कुठं आलो?"

"बाबू," आई म्हणाली, अन् हा आवाज मले आजपर्यंत काढता आला नाही, "तुह्या गाडीचं डावं इंडिकेटर सदरपासून चालू होतं. वळला एकदाही नाहीस. तुह्या मागच्यानं बिचाऱ्यानं काय समजाचं?"